सुपातले पाच खडे

सोमवार, ८ नोव्हेंबर १९३७

नारायणरावांच्या नव्या भांडारात आज पाऊल टाकून आले. घेतलं काही नाही. नुसतं बघितलं.

दुकान कसलं, देव्हाराच आहे. काचेची कपाटं, काचेच्या बरण्या, बरण्यांवर चिठ्ठ्या. केशर, बदाम, बिस्किटांचे डबे, सीलबंद तूप — सगळं पुण्याहून मोटारीने कापूरहोळला उतरतं आणि तिथून भोरात येतं. इथवर माझं काही म्हणणं नाही. ज्याला परवडतं त्याने खावं. पण तांदूळ! तांदूळ काही पुण्याचा नाही, आमच्या मार्गासनीकडचाच. सावळाराम वाणी रुपयाला आठ शेर देतो, हे पाचच देतात. का, तर म्हणे निवडलेला आहे. एकही खडा सापडायचा नाही.

खडे नाहीत म्हणून तीन शेर कमी. हा कुठला हिशेब?

मी म्हटलं, "आमच्या घरात निवडायला मी आहे की." नारायणराव हसून म्हणाले, "मग तुम्हाला गरजच नाही, आजी." गोड बोलतात. गोड बोलणाऱ्या दुकानदाराचा तराजू मी आधी बघते.

आणखी एक खटकलं. माल बदामी कागदाच्या कोऱ्या पिशवीत देतात. त्यावर एक अक्षर नाही. मी वाचायला शिकले ती सावळारामच्या बापाच्या पुड्यांवर. धाकट्या दिरांच्या पाटीवरून मुळाक्षरं उचलली, बाकी सगळी विद्या वाण्याची. मिरच्यांची पुडी सोडायची, कागद मांडीवर सपाट करायचा आणि एकेक शब्द जुळवायचा. कोणाचं लग्न, कोणाचा लिलाव, कुठं पूर आला, सगळं मला जिऱ्यामिऱ्याच्या वासासकट कळलं. कोऱ्या पिशवीतून कोण काय शिकणार?

गुरुवार, ११ नोव्हेंबर

पाडव्याची गोष्ट अजून घशात अडकलीय. आनंदाने कचेरीतल्या हेडक्लार्कांना जेवायला बोलावलं होतं. दुसऱ्याच घासाला कटकन आवाज झाला. भला माणूस, खडा हळूच पानाबाहेर ठेवला आणि आमटीची तारीफ केली. आनंदाची मान खाली. माझा मुलगा मला बोलला नाही, हेच जास्त लागलं. तांदूळ मी निवडला होता. दोनदा.

आज सावळारामकडे जाऊन त्याला चांगला फैलावर घेतला.

"काकी, तांदूळ त्योच हाय. ईस वर्सं तुमीच निवडताय."

"मग खडा कुठून आला?"

"त्ये मला काय ठावं?"

डोळ्याला डोळा देत नव्हता. कुठंतरी पाणी मुरतंय.

या घरात माझ्याकडे आता एकच काम उरलंय. चूल सुनेची, पाणी तिचं, भाकरीही सगुणाच थापते. सकाळचं सूप तेवढं माझं. ते गेलं की मी ओसरीवर बसून माश्या हाकलणारी म्हातारी. म्हणून त्या एका खड्याचा मला एवढा राग.

शनिवार, १३ नोव्हेंबर

सावळारामला बोलणं लागलेलं दिसतंय. तांदूळ एकदम सुधारलाय. सबंध सुपात पाचच खडे. तेही चांगले हरभऱ्याएवढे, लगेच बोटाला लागतात. वाटीत टाकले. वाटी सगुणा नेते आणि अंगणाच्या कडेला उपडी करते.

सगुणेने चहा सोडलाय. "पित्त व्हतंय, आत्या," म्हणते. दिवाळीआधी पितळीभर प्यायची, तेव्हा पित्त कुठं गेलं होतं? मला वेगळीच शंका येते. विचारलं नाही. चिंच मागते का, ते बघते आहे.

सोमवार, १५ नोव्हेंबर

पाच.

शाई हल्ली पातळ मिळते. माझंच अक्षर मला पुसट दिसतं. आनंदाला सांगून दुसरी दौत आणवली, तीही तसलीच. कोणाचाच धंदा सरळ राहिला नाही.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

आजही पाच. रोज पाच कसे? आणि एक खडा ओळखीचा वाटला. कडेला खाच आहे, नखाला लागते. डोळ्याजवळ धरला तर पांढरी रेघ. हा मी शनिवारीही काढला होता, शपथेवर सांगते. अंगणात टाकलेला खडा परत सुपात कसा येतो?

पायाने चालत तर आला नसेल.

बुधवार, १७ नोव्हेंबर

सरपण काढताना ढिगाच्या मागे बदामी पिशवी सापडली. घडी घालून खुपसलेली. सवयीने मांडीवर सपाट केली, वाचायला काहीच नाही. तळाला चार दाणे तांदळाचे.

म्हणजे सगुणा भांडारातून तांदूळ आणते. चोरून. आणि माझ्यापुढे सावळारामचा म्हणून ओतते. रुपयाला पाच शेरांचा! आणि त्यातही खडे! तिकडे नारायणराव काचेच्या कपाटाआड बसून लोकांना फसवतात, इकडे माझी सून मला फसवते. आधी कोणाला धरू?

तिलाच विचारणार होते. ती भाकऱ्या थापत होती, कपाळावर पीठ लागलं होतं. नाही विचारलं. आधी पुरावा पाहिजे.

रेघेचा खडा आज वाटीत टाकला नाही. पदराच्या गाठीत बांधला.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

आज चारच निघाले.

आणि सगुणा अंगणात उकिडवी बसून माती चाळत होती.

"काय हरवलं गं?"

"काय न्हाई आत्या, टाचणी पडली."

टाचणी तिच्याकडे कधी होती?

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

गाठीतला खडा घेऊन आज भांडारात गेले. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. बरंच झालं म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. खडा गल्ल्यापुढे ठेवला. "हा तुमच्या निवडलेल्या तांदळातला. तीन शेर कमी देता ते यासाठी का?"

नारायणराव चिडले नाहीत. "सगुणाबाई नेतात तोच ना? गेल्या आठवड्यापासून नेतात. चहा-साखर बंद केली आणि त्याऐवजी तांदूळ घेतात. आजवर तक्रार नाही, आजी." मग म्हणाले, "निवडणाऱ्या बाया मागे बसल्यात. माझं नका ऐकू, तुम्हीच जाऊन बघा."

चहा-साखर. म्हणजे पित्त नव्हतं. माझ्या मनात होतं तेही नव्हतं.

मागच्या पडवीत चार बाया ताटं घेऊन बसलेल्या. त्यातली एक ओळखीची निघाली — मार्गासनीची बाळाबाई, गावाकडची आमच्या शेजारची. खडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो अंगठ्याने फिरवला.

"वैनी, ह्यो तांदळातला न्हाई. नदीतला हाय. बगा, कसा गुळगुळीत. तांदळातला खडा तांदळाएवढाच असतोय, रंगानंबी तसाच. म्हनून तर फसवतोय."

"मला शिकवू नकोस," म्हटलं. "तुझ्या ताटातला एक तरी काढून दाखवते." तिच्या शेजारचं ताट ओढलं आणि उन्हाकडे तोंड करून बसले. दाणा दाणा सरकवला. कडेपासून कडेपर्यंत. काही नाही. शेवटी कबूल करावं लागलं, "चांगला निवडलाय गं."

बाळाबाई मग सरकून अगदी कानाशी आली.

"वैनी, ह्ये ताट निवडायचं हाय अजून. आत्ताच पोत्यातनं काढलंय."

तिने त्याच ताटातून एकेक खडा वेगळा करून माझ्या तळहातावर ठेवला. सात. मला त्या हातावर तांदळाचे सात दाणेच दिसत होते. मूठ मिटली तेव्हा टोचले.

तेवढ्यात नारायणराव दारात आले. "निघाला का खडा, आजी?"

मी काही बोलायच्या आत बाळाबाईच म्हणाली, "सात काढलं वैनींनी. आमच्या हातनं सुटलं असतं बगा."

"मग तुम्हीच या की आमच्याकडे कामाला."

बाया हसल्या. मीही हसले. बाळाबाईकडून माझा खडा परत घेतला, गाठीत बांधला आणि घरी आले. येताना चौकातली फरसबंदी पायाने चाचपत आले. एरवीही तशीच येत असणार, आज कळलं एवढंच.

शनिवार, २० नोव्हेंबर

सगुणा नीरेवर धुणं घेऊन गेली तेव्हा फडताळ चाचपलं. हळदीच्या जुन्या डबीत चार खडे. धुऊन पुसून ठेवलेले. नदीवरूनच वेचून आणले असणार — मोठे बघून, माझ्या बोटाला लागतील असे. निवडलेल्या तांदळात सकाळी घालते. मी काढते. ती वाटी घेऊन जाते आणि परत डबीत ठेवते.

पाडव्याचा खडा सावळारामचा नव्हता. माझ्या हातून सुटलेला होता. आणि शाईही पातळ नाही.

आधी राग आला. मला काय लहान पोर समजली ही? सांगून टाकते, सूप खुंटीला टांगलं, तुझे नदीतले खडे तुला लखलाभ. असं मनात जुळवत दारात बसून राहिले. मग वाटलं, सूप टांगलं तर उद्या सकाळी उठून करायचं काय? ते काही सुचेना.

आनंदाला ठाऊक नसावं. असतं तर त्याने एव्हाना मला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं.

सगुणा आली. ओले हात, वारं सुटलेलं. "आत्या, बाहेर का बसलाय? गार लागंल." मी नुसतं हूं म्हटलं.

रविवार, २१ नोव्हेंबर

सावळारामकडे गेले. "खडा तुझा नव्हता," म्हटलं.

"मग कुनाचा?"

"माझा."

त्याला काही कळलं नाही. पावशेर मिरच्या बांधून दिल्या. घरी येऊन पुडी सोडली, कागद मांडीवर घेतला. मोठी अक्षरं लागली. बारीक नाही लागली.

नारायणरावांच्या भावाबद्दल काय काय बोलले होते मी. तीन शेर कमी पडतात ते बाळाबाईच्या डोळ्यांचे आहेत. ते काही महाग म्हणता येत नाहीत. पण आमच्या घरात ते तीन शेर भरून काढतंय कोण, ते त्यांच्या बरणीवरच्या चिठ्ठीत कुठं लिहिलेलं नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर

सकाळी सगुणा पाण्याला गेली तेव्हा रेघेचा खडा डबीत ठेवला.

आज सुपात पाच निघाले. पाचही काढले. तिने वाटी उचलली, आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "पाचच का, आत्या?"

"पाचच. सावळाराम सुधारलाय."

दुपारी माझ्या चहातला अर्धा तिच्या पितळीत ओतला.

"मला पित्त व्हतंय, आत्या."

"होऊ दे."