मोहिते घर सोडत नाही

३ मे ६७, बोईसर
चार महिन्यांनी आलो. दमण, मग वापी, मग एका सर्कशीचा तंबू... ते नंतर. आधी मोहिते. तारापूरला वीजघराचं काम चाललंय तिथे वेल्डर, साताऱ्याकडचा. बाबा गेल्यावर घर त्याला भाड्याने दिलं नि आई मनोरला मामाकडे गेली. त्या भाड्यावर तिचं भागायचं. दिवाळीपासून बंद.
मोहित्याने खाटेवर बसवलं. चहा. "भाड्याचं काय घिऊन बसलाय मालक? वरनं गळतंय. आदी छप्पर करा, मग बोला." चहा प्यायलो. प्यायला नको होता.

६ मे, मनोर
मामी आईला वाढते ते भांडं आपटून. आई माझ्यासमोर हसत होती. मागच्या दारी नेऊन म्हणाली, "भाडा नको मला. माझा घर पायजे. हा पावसाळा मी इथं नाय काढायची."

१० मे
पालघर. वकील म्हणाले, नोटीस द्या, दावा लावा. निकाल कधी? त्यांनी पंख्याकडे बघितलं.
स्टेशनाबाहेर एकजण घोरपडीचं तेल विकत होता. काय बोलायचा! गाडी चुकली.

१२ मे
सुचलं. शाकारणी! मे महिन्यात इथे घरोघर कौलं उतरतात, चाळून परत चढतात. दोन दिवस बिऱ्हाड अंगणात, मांडवाखाली. कोणी नाही म्हणत नाही, आणि मोहिते तर स्वतःच मागे लागलाय. उतरवायची. चढवायचीच नाहीत. बघू किती दिवस आभाळाखाली राहतो.

१५ मे
डोंगराकडचे दोन गडी आणले. दुपारपर्यंत घर बोडकं. मोहित्याची बायको भांडी बाहेर काढताना, "लई चांगलं केलंत भाऊजी, सगळी अंथरुणं भिजायची बघा." मान हलवली फक्त.
मोहिते: "उद्या चढवताय न्हवं?"
"परवा."
गड्यांतला म्हातारा: "शेठ, वासे तं चांगले हायेत. थांबवता कशाला?" मजुरी देऊन पाठवला.
आईला कार्ड टाकलं. घर रिकामं होतंय, तयारीत राहा.

१९ मे, दांडी
मोहित्याचं तोंड नको म्हणून एक दिवसासाठी जवळच्या किनाऱ्यावर आलो. इथे पावसाळ्यासाठी होड्या वर ओढतायत. वीस-पंचवीस माणसं एका दोराला, नुसता आरडाओरडा. मीही दोर धरला. हाताला फोड आले. होडीच्या तांडेलाने जेवायला ठेवून घेतलं. आज चौथा दिवस का?

२२ मे, बोईसर
स्टेशनाकडून येताना लांबूनच चकाकलं. पत्रे. कोरे.
काल रविवार. मोहित्याच्या कामावरचे आठ-दहा वेल्डर चढले, छपराखालच्या लोखंडी कैच्या जोडल्या, संध्याकाळी पत्रे ठोकून मोकळे. आमची कौलं कुंपणाशी रचून ठेवलीत, नीट.
"परवा म्हणलासा मालक. वाट बघितली. पोरं उन्हात हुती." मग हसला. "आता भिंती तुमच्या, छप्पर माझं. कुणी कुणाला भाडं द्यायचं?"
पत्रे कुठले, विचारलं.
"इकत घेतल्यात. पावती दावू?"
चहा आला. घेतला नाही. त्याने काय होणार होतं!

२४ मे
वकील: "कौलं कोणी काढली?"
मी.
"परत का चढवली नाहीत?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, आता दावा तो लावेल.
आईला कळवायला हवं. कार्ड घेतलं. काय लिहू?

१ जून
नाही लिहिलं. आई आली. पेटी, गादी, तुळशीची कुंडी. मामीला तोंडावर सांगून आली, माझा घर रिकामा झाला, आता तुझ्या दारात पाय नाय ठेवायची.
अंगणात उभी राहून वर बघितलं. "हा काय?"
सांगितलं. सगळं.
"मोहित्यानं छप्पर घातला तवा तू कुठं होतास?"
"दांडीला."
"काय करत?"
"होड्या ओढत."
मोहित्याची बायको आली, पेटीला हात घातला. "आत्या, पडवीत ऱ्हावा की. तुमच्याकडनं काय भाडं घेनार हाय व्हय आमी?" वाईट मनाने नव्हती म्हणत. खरंच म्हणत होती.
आईने पेटी सोडली नाही. ओढलीही नाही.
आता पायरीवर बसलीय, वहाणा न काढता. मोहिते कामावरून यायचाय. मनोरची शेवटची एस.टी. साडेसहाला. सहा वाजून गेलेत.