बोटीवर ओतलेलं पाणी

माय,

काल कोचीनहून रेल्वे पार्सलने एक लाकडी पेटी आली. तिच्यात निघालं ते असं: एक गुंडाळलेलं शीड, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेलं, दोन पितळी कंदील, नायलॉनचा दोर, चाळीसेक हात असेल, एक झुलता स्टोव्ह, आणि समुद्राचे चार नकाशे, ओल खाऊन एकमेकांना चिकटलेले. भाडं एकशे बारा रुपये, हमाली दहा, स्टेशनापासून लेकीच्या मेहरूणच्या घरापर्यंत रिक्षा पंधरा. जावयांनी बोट विकली तेव्हापासून हे सामान तिकडे एका ओळखीच्या माणसाच्या गोदामात पडून होतं. लेक पेटी उघडायला बसली, शेजारी तिची सहा वर्षांची मुलगी. मुलीने विचारलं, तुम्ही बोटीवर राहायचे तर मग उतरले कशाला? लेक कंदील पुसता पुसता हसून म्हणाली, "माझ्या हातून एकदा पाणी सांडलं, म्हणून." मी तिथेच ज्वारी निवडत होते. माय, ते पाणी तिने सांडलं नव्हतं.

तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे मुळापासून सांगते. जावई मोठ्या जहाजावर इंजिनिअर. त्यांनी दोन वर्षांची सुटी घेतली आणि कोचीनला एका गोऱ्याची जुनी, बिनइंजिनाची शिडाची बोट विकत घेतली. लांबीला आपल्या धुळ्याच्या घराच्या ओसरीएवढी, रुंदीला तिच्या निम्मी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि लेक त्यांच्याबरोबर त्या बोटीवर संसार करायला गेली. तिला दिवस गेल्याचं पत्र आलं तेव्हा हे म्हणाले, तू जा, घेऊनच ये. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? मी ज्वारीचे बिबडे, कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि देवांची डबी घेऊन निघाले. तिकडे गेल्यावर लेक म्हणाली, आई, महिनाभर राहून बघ, मग सांग. तिला पाचवा लागला होता. कोचीनच्या डॉक्टरणीने तपासून प्रवासाला हरकत नाही म्हटलं, आणि आम्ही बेटांकडे निघालो.

पहिले दोन दिवस मी ओकाऱ्या काढल्या. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले ते जणू दुसऱ्याच कुणाचे होते. बोट चालते पण आवाज नाही, नुसतं शीड मधूनच फडफडतं, कुणी ओलं लुगडं झटकावं तसं. मी चहा करते आहे. स्टोव्ह झोक्यावर टांगलेला, सगळी बोट एका अंगाला कलते आणि दुधाचं पातेलं मात्र सपाट राहतं. देवांची डबी मी फळीला सुतळीने बांधून ठेवली. अंघोळ खाऱ्या पाण्याची, भांडी खाऱ्या पाण्यात, भातात एक वाटी समुद्राचं पाणी घातलं की मीठ लागत नाही. हे मला फार आवडलं. जावई म्हणाले, सासूबाईंनी समुद्रातूनसुद्धा बचत काढली. दुपारी बेटाच्या आतल्या बाजूला नांगर टाकला की पाणी इतकं नितळ, की बोटीची सावली खाली वाळूवर पडलेली दिसे आणि तिच्यातून मासे ये-जा करीत. मी शिडाच्या सावलीत पडून राही. पाठीखाली सगळं हळू हलत असे. पन्नाशीच्या बाईला कोणी झोळीत निजवल्यासारखं. कापूस वेचून ढिगावर अंग टाकायचो ना आपण, तू नि मी, तसं. तेव्हा तू जवळ आहेस असं मला खरोखर वाटे, आणि उठावंसं वाटत नसे.

पण तिला घेऊन जायला आले होते, ते मी विसरले नव्हते. रोज एकदा विषय काढायचा, रोज लेकीने हसून दुसरीकडे न्यायचा. ती म्हणे, आई, इथे मला कोणी "हळू चाल, हळू बस" म्हणत नाही. बोटच शिकवते.

तुला आठवतं, मी आठ-नऊ वर्षांची असेन, देवापुढचा तांब्या आदल्या दिवशीचाच ठेवला होता. तू ते पाणी माझ्या पायांवर ओतलंस आणि म्हणालीस, "देवले शिळं पानी दखाडस का माय?" धुळ्याला नळ चौथ्या दिवशी यायचा. तो आला की आधी सगळे हंडे, घागरी रिकाम्या करायच्या, घासायच्या, मग ताजं भरायचं. नळाला धार लागली की माझे हात अजून विचारत नाहीत, आपोआप जुनं ओतायला लागतात.

परतताना दुसऱ्या दिवशी पहाटे सर आली. रात्रभर सुकाणू धरून जावई नुकतेच आडवे झाले होते, लेक खाली निजली होती. त्यांनी पावसाचं पाणी धरायला कापड ताणून ठेवलेलं, त्याच्या टोकातून बादलीत धार लागली. नळ आला, माय. मला दुसरं काही सुचलंच नाही. डेकच्या काठाला पिण्याच्या पाण्याचे तीन मोठे कॅन बांधलेले होते, आठ दिवसांचं शिळं पाणी. मी एकेकाची दोरी सोडून तो समुद्रात ओतला, खळखळून धुतला आणि धारेखाली ठेवायला वळले. तेवढ्यात सर थांबली. बादलीत चार तांबे पाणी.

मी कॅन होते तसे बांधून ठेवले. झाकणं सैल.

दुपारी जावयांनी पाहिलं. ते ओरडणारे नाहीत. लेकीला एवढंच म्हणाले, "झाकणं बघणं तुझं काम होतं ना?" ती म्हणाली, "हो. माझंच राहिलं असेल. बोट कलली तेव्हा सांडलं." मी पोथी उघडून बसले होते. जावयापुढे बोलायची लाज वाटली, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. त्याच दिवशी वारा पडला. शीड ओल्या पोत्यासारखं लोंबलं. समुद्र ताटासारखा सपाट, चहूकडे चकाकतोय आणि पिण्यासारखा थेंब नाही. खालच्या टाकीत तळाला होतं ते फुलपात्राने मोजून द्यायचं काम मी मागून घेतलं. दोन दिवस निर्जळी उपास धरला आणि माझं लेकीला दिलं. तिथी कोणती, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिचे ओठ तरी फुटलेच.

वारा पडल्याच्या चौथ्या दिवशी तिच्या कपाळाला ओला पदर लावत मी म्हणाले, "एक झाकण उघडं राहिलं तर माणसं तहानतात. अशा घरात लेकरू आणायचं का तू?"

तिने कपाळावरचा पदर बाजूला सारला. मग म्हणाली, "बरं. येते." पुढे म्हणाली, "माझ्याकडून एवढंही होत नाही, मग मूल काय सांभाळणार?"

संध्याकाळी वारा आला.

ती आली, सुखरूप बाळंत झाली. जावई पुन्हा जहाजावर रुजू झाले, आणि रिकामी बोट किती दिवस बांधून ठेवणार, म्हणून विकली. मी जिंकले. आता ती मेहरूणला दोन खोल्यांत राहते. संध्याकाळी तलावाच्या भिंतीवर बसते आणि बोट ओलं करून वारा कुठला ते बघते. मुलीला ताप आला, दूध उतू गेलं, किल्ली हरवली, की लगेच म्हणते, मी अशीच, माझ्याकडून राहतंच. सहा वर्षं मी हे ऐकते आहे. अशी नव्हती ती, माय. मी तिला तशी केली.

आणि आणखी एक, जे ह्यांनाही सांगितलेलं नाही. बोटीवरच्या त्या बावीस दिवसांत मी जेवढी सुखात होते तेवढी आयुष्यात कधी नव्हते. तिचं घर मोडताना मला ते ठाऊक होतं.

तिला आता सांगावं की नाही, हे तू उलट टपाली कळव. तुझं पत्र येईपर्यंत मी गप्प बसणार आहे. असं लिहिते आहे, यावरून मला तिची किती भीती वाटते ते तुला कळेल.