चार बोटांचा खांब

३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

घरची माणसं ठीक आहेत, मीच तेवढा ठीक नाही. गेल्या सोमवारी डेपोच्या आवारात बस वळवताना साबणमामा माझ्या चाकाखाली आले. गाड्या धुणारे साबणमामा. तू आला होतास तेव्हा तुझ्या चिखलाच्या चपलांवरही पाइप धरला होता त्यांनी. जीव वाचला, पाय गेला. मला घरी बसवलंय आणि चौकशी लावलीय.

मला ते दिसले नाहीत रे. समोरच्या काचेला लागून माझ्या बाजूला जो खांब असतो, त्याच्याआड होते. चौकशीच्या साहेबांचं म्हणणं, एवढ्याशा खांबाआड अख्खा माणूस लपत नाही, मी बघितलंच नसणार. तोंडाने सांगून त्यांना पटत नाही. तू पुस्तकं बांधता बांधता कागदाच्या गाड्या करतोस, तशी माझी बस करून दे. मापात. साहेबांना मी सांगून ठेवलंय की माझा भाऊ नमुना पाठवेल. त्यांचा पत्ता मागे लिहिलाय.

मापं सोबत आहेत. लांबी, उंची, सीटपासूनचं अंतर टेपने घेतलं. खांबावर रबर आहे, टेप नीट बसेना, त्यात वॉचमन मागे उभा राहून घाई करत होता. म्हणून खांब बाबांच्या पद्धतीने: चार बोटं. मामा कुठे उभे होते ते चौकशीच्या नकाशावरून उतरवलंय.

तुझी वहिनी म्हणते, भावजींची बस निदान धूर तरी सोडणार नाही. आठ दिवसांनी हसली, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माया आहे तशी ठेव.
तुझा दादा

१९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि त्या दिवशी एका वहीची पानं उलटी शिवली. बस तयार आहे. तुझ्या पंचवीस सेंटिमीटरला माझा एक, असं माप धरलं. पुठ्ठा सुरीच्या पाठीने दाबून मगच दुमडला, नाहीतर कडा फुटतात. काचा रिकाम्याच ठेवल्या. छप्पर उचलता येतं. मापं वाचताना बाबा आठवले. फळीची लांबी पट्टीने आणि जाडी बोटांनी, हे त्यांनी आपल्याला खेळणं द्यावं तसं दिलं होतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. तुझ्या डोळ्यांच्या जागी टाचणी टोचली आणि तिथून खांबाच्या दोन्ही कडांना टेकवून दोन दोरे बाहेर ओढले. दोन दोऱ्यांच्या मधे जे येईल ते तुला दिसणार नाही. नकाशातल्या जागी कागदाचे मामा उभे केले. दादा, ते मधे मावत नाहीत. डोकं आणि एक खांदा दोऱ्याबाहेर येतो.

मी सगळं पुन्हा लावून पाहिलं. तसंच येतं. सकाळी देवापुढे मामांसाठी आणि तुझ्यासाठी उभा राहतो. तुझं नाव आधी येतं तोंडात, ते देव समजून घेईल. पुढे काय करू, कळव.

तुझ्या मायेतला,
धाकटा

२६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या हातून खांब बारीक झालाय. जाड कर. मी त्या सीटवर अर्धं आयुष्य बसलोय, तो खांब माझ्या नजरेतलं किती खातो ते मला ठाऊक आहे. मामा दिसले नाहीत म्हणजे नाहीत. दोऱ्याबिऱ्याचं मला सांगू नकोस. खांब जाड कर आणि नमुना माझ्याकडे पाठव, मी साहेबांकडे नेतो. सुनावणी जवळ आलीय.

वहिनीने आज काही निरोप सांगितला नाही.

दादा

२ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन घास कमी गेले. खांब मी तू दिलेल्या मापाचाच केला आहे. तो जाड करायचा म्हणजे काय करायचं, हे तुला कळतं आणि मलाही. एका माणसाचा पाय गेला आहे. त्याच्यावर मी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून खोटं उभं करू? बाबांनी आपल्याला हे शिकवलं नाही. चूक झाली असेल तर मान्य कर, दादा. मान्य केल्याने माणूस हलका होतो. देव पाहतो आहे.

नमुना तुझ्याकडे पाठवला असता तर तुझा हात मोहात पडला असता. ते पाप तुला लागू नये म्हणून मी तो, दोऱ्यांसकट, थेट साहेबांच्या पत्त्यावर पाठवला. रागावशील. राग ओसरला की माझं बरोबर होतं असं तुलाच वाटेल.

वहिनींना नमस्कार. मनातून उतरवू नकोस.
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

निकाल तुला कळला असेलच, तुझ्याच नमुन्यावर लागला. साहेबांनी सगळ्यांसमोर दोरे ओढून दाखवले. सख्ख्या भावाने केलेला नमुना आहे म्हटल्यावर माझ्या बाजूने बोलायला आलेला युनियनचा माणूसही खाली बसला. माझं ड्रायव्हिंग काढून घेतलं. धुलाईत टाकलंय, साबणमामांच्या जागेवर. त्यांचाच पाइप, त्यांचाच ब्रश. मामांना भेटायला गेलो होतो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. निकालाआधी बोलायचे माझ्याशी.

काल माझीच बस धुवायला आली. खांब पुसताना हात सहज त्याच्यावर टेकला. चार बोटं, बरोबर. मग हाताकडे बघत राहिलो. चाक फिरवून फिरवून ही बोटं केळ्यांसारखी झालीत. तुझी सुई-दोऱ्याची, शेवग्याच्या शेंगा. नमुना ट्रेनिंगच्या खोलीत ठेवलाय, तिथे जाऊन त्याच्या खांबाला पट्टी लावली. तू तुझी चार बोटं मोजलीस. खऱ्या खांबाच्या हिशेबाने नमुन्यातला मिलिमीटरभर कमी आहे. पुठ्ठ्याची एक पट्टी चिकटवली असतीस तर मामा पूर्ण झाकले गेले असते.

आपण दोघे एकाच बापाकडे मोजायला शिकलो. हात वेगवेगळे आहेत हे मलाही सुचलं नाही, तो दोष अर्धा माझा. पण जाड कर म्हणालो तेव्हा तू मला विचारलं नाहीस की दादा, का. तू मला देवाची भीती घातलीस.

दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र हातात धरून मी माझी बोटं पट्टीवर ठेवली. तू म्हणतोस तसंच आहे. काय लिहू? साहेबांना त्याच दिवशी सगळं लिहून पाठवलं, चूक माझी आहे, नमुना परत द्या, नवा करून देतो. मी स्वतः येतो, त्यांच्यासमोर उभा राहतो. तू फक्त ये म्हण. तू वाईट बोल, पण बोल. देवापुढे उभं राहायचीही आता लाज वाटते. तिथे उभा राहूनच तर मी तुझ्यावर अविश्वास दाखवला.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,

येऊ नकोस. तुझं पत्र साहेबांनी मला वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, भाऊ शिक्षा भोगतोय म्हटल्यावर कुणाचीही बोटं बारीक होतील. नमुना ऑफिसच्या मालकीचा झाला, तो मिळणार नाही.

माझं जे व्हायचं ते झालं. पण दुसरंच एक चाललंय, ते तुला कळायला हवं. नव्या ड्रायव्हरांना आता तुझ्या बसवर शिकवतात. ट्रेनिंगचे मास्तर टाचणीला दोरे बांधून दाखवतात की या खांबाआड माणूस लपत नाही, कुणी तसं म्हणाला तर तो निष्काळजी समजावा. पूर्वी आम्हा जुन्या लोकांकडून पोरं शिकायची की वळताना सीटवरून उठून, मान पुढे काढून खांबापलीकडे बघायचं. मी मास्तरांना सांगायला गेलो. त्यांनी मला पोरांसमोर उभं केलं आणि सांगितलं, हेच ते.

आता गाडी फाटकाकडे निघाली की मी पाइप टाकून पुढे धावतो आणि हात करून ओरडतो, उठून बघ म्हणून. पोरं हसतात. मला वेड्यात काढलंय. त्यांतला एक चांगला आहे, काल थांबला, खाली उतरला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की काका, काळजी करू नका, आम्हाला सगळं दिसतं.

दादा