यादीत न लिहिलेला दगड

गुरुजी, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली आणि माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तारापूरचा किल्ला आम्हाला तुम्हीच दाखवलात. सातवीच्या वर्गाला रांगेनं न्यायचात, दरवाजाच्या दगडांवर हात ठेवायला लावायचात, आतल्या विहिरीत डोकावून हाक मारायला सांगायचात. कोळीवाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली मी एकटीच मुलगी. माझं अक्षर चांगलं म्हणून तुम्ही मला शाईचं पेन दिलंत. ते मी फडक्यात गुंडाळून दप्तरात ठेवायची. साठ सालानंतरचे ते दिवस. मोठ्या प्रकल्पासाठी बोईसरकडून नवा रस्ता यायचा होता. कचेरीनं तुमच्याकडे गावातल्या जुन्या वास्तूंची यादी मागितली. यादीतलं राखायचं, बाकीचं रस्त्यात आलं तर काढायचं.

आमच्या वाड्याच्या टोकाला एक उभा दगड होता. त्यावर होडी कोरलेली, वल्ही मारणारी माणसं, वर तलवार उगारलेला एकजण. होड्या दर्यात लोटण्याआधी आई त्याला शेंदूर लावायची. यादीचं कळल्यावर तिनं मला बजावलं, "गुरुजींना सांग, तो नुसता दगड नाय. आमचा जुना मानूस हाय तो. दर्यावर लढून मेलेला."

मी सांगितलं. तुम्ही शाळेच्या ओट्यावर बसला आहात, मांडीवर कागद. चष्म्यावरून माझ्याकडे बघता आणि हसता. "अगं, ते तुमचं देवदेव. इतिहास वेगळा. शेंदूर फासलेला प्रत्येक दगड लिहीत बसलो तर साहेब हसेल मला." मग यादीची स्वच्छ प्रत काढायला तुम्ही मलाच बसवलंत. किल्ला, विहीर, अग्यारी, जुनी बखार. मी लिहीत गेले. खाली निम्मं पान कोरं होतं. एक ओळ सहज मावली असती.

पावसाळा सरल्यावर मजूर आले. घणाच्या तीन-चार घावांत दगड दुभंगला आणि संध्याकाळपर्यंत त्याची खडी झाली. आई तोंडावर पदर धरून उभी होती. मला म्हणाली, "तू सांगितलंस ना गुरुजींना?"

"सांगितलं."

"मग इसरले असतील. कामाचा मानूस."

तेवढ्यावर तिनं तुम्हाला माफ केलं. यादी कुणाच्या अक्षरात होती, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हेही मी गिळलं असतं. पण निवृत्तीनंतर तुम्ही गावाच्या इतिहासाची पुस्तिका छापलीत. पालघरच्या वाचनालयात मी ती उभ्यानंच वाचली. 'येथे सागरी युद्धाचा एक दुर्मीळ वीरगळ होता. स्थानिक कोळ्यांच्या अज्ञानामुळे तो नष्ट झाला.' म्हणजे तो लढून मेलेल्या वीराचा दगड होता, ते तुम्हाला कळलं होतं. कधी कळलं, गुरुजी? खडी झाल्यावर, की मी ओट्यापुढे उभी होते तेव्हाच? हे तोंडावर विचारायला मी तुमच्याकडे येणार होते, त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आईला वाचता येत नव्हतं, तेवढं बरं झालं.

शोकसभेत तुमची लाडकी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उभं केलं. तुम्ही आम्हाला आमच्या गावाचा इतिहास दिलात, असं मी म्हणाले. पुस्तिकेबद्दल अवाक्षर काढलं नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते: बोलताना मला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं.