रोहिणी पांढरी नाही

९ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाही! वाचनालयाच्या नव्या भिंतीवर माझं वृषभ राशीचं चित्र लागणार असेल, तर ते आहे त्याच रंगांत लागेल. व्हर्लिन हॅस्केटला हे आज त्याच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. तो आमच्या खगोल मंडळाचा अध्यक्ष आहे आणि उभा जन्म त्यानं ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले आहेत. चित्र त्याला मळकट वाटतं. तारे निळे-पांढरे लखलखावेत आणि त्यांच्यामधले धुळीचे मेघ काळेकुट्ट असावेत, ही त्याची अपेक्षा.

"अगं आर्डिथ, लोक पुस्तकं परत करायला येणार. त्यांनी मान वर केली की आकाश दिसायला हवं, नांगरलेलं शेत नाही."

उपमा अचूक आहे. पण ते त्याला कशाला सांगू?

१० नोव्हेंबर

रात्रभर मनात त्याला शिकवत राहिले. निवृत्त होऊनही शिक्षिकेची खोड जात नाही, म्हणून निदान पानाला तरी शिकवते.

वृषभेतले ते काळे पट्टे म्हणजे आकाशाला पडलेली भोकं नव्हेत. ती धूळ आहे – अतिशय थंड, अतिशय विरळ, पण इतकी अफाट पसरलेली की मागचे तारे तिच्यात बुडून जातात. आजूबाजूच्या ताऱ्यांचा उजेड तिच्यावर पडतो आणि ती किंचित, अगदी किंचित, तपकिरी दिसते. तो रंग टिपण्यासाठी दोन हिवाळे कुरणात कॅमेरा लावला. दुर्बीण नाही, साधी लेन्स. कारण मेघ मोठा आहे, सगळा एका नजरेत यायला हवा. शेकडो छायाचित्रं एकावर एक रचली, तेव्हा कुठे तो तपकिरी रंग वर आला. आणि हा गृहस्थ म्हणतो, पुसून टाक!

१६ नोव्हेंबर

व्हर्लिननं माझ्याच छायाचित्रांवरून स्वतःचं चित्र तयार केलं. मंडळात सगळ्यांचा माल सामाईक असतो, त्यामुळे तक्रार करता येत नाही. चित्र सुंदर आहे, हे मान्य करायला हवं. झळझळीत निळं. ग्रंथपाल ग्लेनिस टटल तर हरखूनच गेली म्हणे. मंडळाच्या डिसेंबरच्या बैठकीत मत घेऊन दोन्हींपैकी एक निवडायचं ठरलं आहे.

त्याच्या चित्रात रोहिणी पांढरी आहे. रोहिणी! वृषभाचा तो तांबूस डोळा. ट्यूबलाइटसारखी पांढरी.

१८ नोव्हेंबर

चूक सापडली, आणि काय देखणी चूक आहे!

रंग जुळवताना संगणक आधी एक प्रश्न विचारतो: या चित्रात रिकामं आकाश कुठे आहे, ते दाखव. आपण दाखवू तो तुकडा तो बिनरंगी राखाडी करतो आणि बाकी सगळं त्या मापानं हलवतो. व्हर्लिननं काय केलं? सर्वांत काळा तुकडा दाखवला. कोणीही तेच करील! सर्वांत काळं ते सर्वांत रिकामं, असंच वाटतं. पण वृषभेत सर्वांत काळी जागा म्हणजे सर्वांत दाट धूळ. तो समजला खिडकी, आणि ती होती भिंत. संगणकानं आज्ञाधारकपणे तिचा तपकिरी रंग काढून टाकला आणि त्याच मापानं अख्ख्या आकाशातली लाली उपसली. उरलं ते निळं.

मी उलट्या बाजूनं जाते. ज्याचा रंग आधीच मोजलेला आहे, असा सूर्यासारखा एक तारा चित्रात शोधते. तो धुळीच्या अलीकडचा आहे ना, याची खात्री करते. तो पांढरा आला की बाकीचे आपापल्या जागी बसतात. थंड तारे नारिंगी, तापलेले फिके निळे. हिरवा मात्र एकही नाही, कारण ज्याचा उजेड हिरव्यात सर्वांत जास्त असतो, तो तांबडा आणि निळाही भरपूर टाकतो, आणि आपल्याला पांढराच दिसतो. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करीत.

२६ नोव्हेंबर

समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फार पसरतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतलं भिंग मुरलेल्या चहासारखं पिवळं झालं आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीच्या अखेरीस.

२७ नोव्हेंबर

व्हर्लिनच्या कानावर गेलंच. "तरीच तुझे तारे चहात बुडवल्यासारखे!"

त्याला शांतपणे समजावलं. मला जर सगळंच चहातून दिसत असेल, तर चित्र मला मुळातच पिवळं दिसेल, आणि ते सुधारायला मी त्यात निळं ओतीन. माझं चित्र निळं आहे का? नाही. शिवाय मी रंग डोळ्यांनी जुळवत नाही, मोजमापानं जुळवते, आणि आकड्यांना मोतीबिंदू होत नाही.

तो जायला उठला. मग म्हणाला, ऑपरेशनला गाडी कोण चालवणार? मी म्हटलं, बघीन. तो म्हणाला, बघण्याचाच तर प्रश्न आहे, मी येतो.

भांडताना माणसानं असं वागू नये. फार अडचण होते.

१४ डिसेंबर

बैठक. प्रत्येकानं घरून काहीतरी आणलं होतं. बहुतेकांनी चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल. दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली. व्हर्लिन बोलला. छान बोलला – गाव लहान, हिवाळा लांब, भिंतीवर थोडी झळाळी असली तर काय बिघडलं? माना डोलल्या. माझी पाळी आली. मनाशी घोकलेलं सगळं व्याख्यान बाजूला ठेवलं आणि कोट घाला म्हटलं.

जेवणवेळच होती, पण बाहेर पूर्ण अंधार पडलेला. सगळे वाहनतळावर कुडकुडत उभे. पूर्वेला रोहिणी चांगली वर आलेली.

"ग्लेनिस, कोणत्या रंगाची आहे?"

ती माझी विद्यार्थिनी. रसायनशास्त्रात काठावर पास झालेली, पण खोटं कधी बोलली नाही.

"नारिंगी आहे, बाई."

"आणि आतल्या चित्रात?"

"एकात नारिंगी, एकात पांढरी." मग हळूच, "पण बाई, मला पांढरीच जास्त आवडते."

मी तिला म्हटलं, आवडू दे. आवडीला माझा विरोध नाही. पण त्या भिंतीखाली उद्या एखादं मूल उभं राहील, घरी जाताना मान वर करील, आणि चित्र आणि आकाश यांतलं एक खोटं आहे हे त्याला कळेल. खोटं ठरलेलं ते आकाश असू नये, एवढंच माझं मागणं.

आत येऊन मतं घेतली. माझं चित्र जिंकलं! थोडक्यात, पण जिंकलं. मला मत देणारा पहिला हात व्हर्लिनचा होता. का, ते विचारलं नाही. चिली गार झाली होती, तरी दोनदा घेतली.

२ जानेवारी

छपाईचा नमुना आला. कागदावर मेघ गढूळ वाटले. खिडकीशी धरून पाहिला, थोडी दुरुस्ती करून फाइल परत पाठवली.

१८ जानेवारी

चित्र लागलं! दरवाजातून आत येताच अख्खी भिंत वृषभेची. लोक खाली उभे राहून कृत्तिका शोधत होते. व्हर्लिन हात मागे बांधून बराच वेळ पाहत होता. मला म्हणाला, वाटलं होतं तेवढं काही तपकिरी नाही गं, खरं सांगायचं तर आवडलं मला. याला म्हणतात विजय! दोन महिने एक पाऊल मागे न घेतल्याचं हे फळ.

२८ जानेवारी

ऑपरेशन झालं. व्हर्लिननं नेलं, आणलं, आणि वाटभर डोळ्यावरच्या पट्टीला समुद्री चाचे म्हणून सलाम ठोकले.

२९ जानेवारी

पट्टी निघाली. स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या आहेत! कित्येक वर्षं मी त्यांना साय-रंगाच्या समजत होते. बर्फाच्या सावल्या निळ्या आहेत. व्हर्लिनचा ट्रकही निळा, आणि मी तो करडा समजून चालले होते. एकदा हा डोळा झाकते, एकदा तो. लहान मुलासारखा खेळ चालू आहे. कधी एकदा वाचनालयात जाते असं झालं आहे.

३१ जानेवारी

गेले. नवा डोळा झाकला – माझं चित्र. जुना झाकला – निळं. रोहिणी पिवळसर, मेघ शिशासारखे. घरी येऊन छापलेल्या फाइलमधले रंग मोजले. सूर्यासारखा तो तारा पांढरा नाही, निळाच आहे. नमुना सुधारताना मोजमाप केलंच नव्हतं. चहातून पाहिलं आणि निळं ओतलं.

व्हर्लिनला फोन केला. शिडी घेऊन ये म्हटलं, चित्र उतरवायचं आहे.

"आता काय झालं?"

"निळं आहे."

पलीकडे ट्रकच्या किल्ल्या वाजल्या. मग सावकाश म्हणाला, "मला आवडलं ना, तेव्हाच तुला संशय यायला हवा होता."