झाकलेला ढीग

२१ ऑगस्ट

प्रिय डेलफिन,

काल तू माझ्या हातचं जेवण अर्धं टाकून गेलास, त्याचा राग आधी काढून घेते, मग कामाचं बोलते. सात महिन्यांनी भाऊ घरी येतो, तेही त्याचं जहाज आपल्याच बेटासमोर नांगरलं म्हणून दोन तासांची सुट्टी काढून, आणि थोरल्या बहिणीने पहाटे जाऊन आणलेली सुरमई शिरक्यात तशीच पडून राहते. तू ताटाकडे बघतच नव्हतास. खिडकीतून बार्जांकडे बघत होतास. एक बार्ज खाणीची लाल माती घेऊन तुझ्या जहाजाकडे जायची, एक रिकामी परत यायची. किती भरलं म्हणून विचारलं तर म्हणालास, “अर्ध्याच्या वर गेलंय, मनांग. अजून पाच दिवस, मग निघालो.” पाच दिवस म्हणताना तुझा चेहरा असा होता, की मी भाताचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले.

मग तू डब्याची गोष्ट सांगितलीस. चीफ ऑफिसर म्हणून माल बघून घेणं तुझ्याचकडे. दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतलास, पहिल्या बार्जमधली माती त्यात अर्धी भरलीस आणि डबा वीतभर उंचीवरून लोखंडी डेकवर पंचवीस वेळा आपटलास. वरून कोरडी दिसणारी माती चकाकायला लागली, तिच्यावर पाणी जमलं. आम्हा पावभट्टीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. पीठ हाताला कोरडं लागतं आणि मळायला घेतलं की चिकटून बसतं, तसंच ते. समुद्रावर मळायला हात नसतात, इंजिनाचा हादरा असतो आणि लाटा असतात. चार दिवसांत पोटातल्या मातीची लापशी होते, ती एका अंगाला वाहते आणि जहाज परत सरळ होत नाही. हे मला तूच सांगितलंस, आणि वर असंही सांगितलंस की डब्यात पाणी दिसलं तर नवी तपासणी होईपर्यंत भरणं थांबवायचं, असा नियम आहे.

नियम आहे. मला याचीच सगळ्यात जास्त चीड येते. नियम नसता तर माणूस नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. इथे तर सगळं लिहून ठेवलंय, मातीत किती पाणी चालेल, नमुना कधी घ्यायचा, मधे पाऊस आला तर पुन्हा कसा घ्यायचा. आणि खाणीचा इंजिनियर लुकबान तुझ्या डब्याकडे बघून काय म्हणाला? “चीफ, स्वयंपाकघरातले खेळ नकोत. आमच्याकडे प्रयोगशाळेचा दाखला आहे.” बारा तारखेला नमुना, चौदाला दाखला, सगळं सात दिवसांच्या आत. सोबत ढिगाचा फोटो, वर ताडपत्र्या कशा चापूनचोपून बसवलेल्या, आणि सहीनिशी लेखी, की तपासणीपासून भरेपर्यंत ढीग झाकलेलाच होता. कागद सगळे गोरेगोमटे. तुमच्या जहाजाने बोलावलेला तपासनीस ढीग बघायला आला, तर त्याला फाटकावरून परत पाठवला, कारण त्याच्या बुटांना लोखंडी टोक नव्हतं. म्हणे, पायावर दगड पडेल. एकवीस माणसं समुद्रात गेली तर चालतील, पण पाहुण्याचा अंगठा दुखायला नको.

आणि तुझा कप्तान. मला तो वाईट माणूस वाटत नाही, घाबरलेला वाटतो. “तुझा डबा मला कळतो,” असं तो तुला म्हणाला, “पण वरच्यांना मी डबा दाखवू शकत नाही. ढीग उघडा होता असा एक कागद आण, या मिनिटाला क्रेन थांबवतो.” कप्तानाने नुसतं नाही म्हटलं तरी जहाज थांबतं ना रे? मग त्याला ते दोन शब्द का जड जातात? आणि तूही त्याच्यासमोर मान डोलावून आलास. पुढचा करार मिळणार नाही, एजन्सीवाले यादीतून नाव खोडतील, तुझ्या लोर्नाने घराच्या वरच्या मजल्याच्या बांधकामाला हात घातलाय, हे मला सगळं ठाऊक आहे. पण आईच्या मागे तुला मी वाढवलंय. दुसऱ्याच्या हो ला हो करायला मी तुला कधी शिकवलं नव्हतं.

कोन्चिताचा मुलगा रोली तुला आठवत असेल. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याचं जहाज पलीकडच्या बेटावरून अशीच माती भरून निघालं होतं. जो एक जण वाचला त्याने कोन्चिताला येऊन सांगितलं, की न्याहारीला बसलो होतो, कॉफीचे कप एका बाजूला सरकले आणि तिथेच राहिले. आठ-दहा मिनिटांत संपलं. त्याच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला पाव माझ्याकडून गेले होते, म्हणून मी तिथे रोज होते. पुढे ठेवायला देह नव्हता, बोटीवरच्या गणवेशातला फोटो होता. आठव्या दिवशी कोन्चिता मला म्हणाली, “पुरिंग, त्या ढिगाजवळून रोज कितीतरी माणसं जात असतील ना गं? एकाला तरी दिसलं असेल ना?” मी तिची पाठ चोळत म्हटलं, कुणाला दिसलं असतं तर बोललं असतं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

आता सणाचं सांगते. यंदा सान रोकेच्या सणाची मानकरीण मी होते, हे तुला माहीत आहे. मांडव, बँड, डुकरं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं जेवण, सगळं माझ्या डोक्यावर. मांडवासाठी ताडपत्र्या दरवर्षी खाणीतून येतात. ही लुकबानची मेहेरबानी, जशी बास्केटबॉलची जागा आणि देवळाचं छप्पर. “तुमच्याच समजा, मनांग,” असं मला थोरली बहीण करून तो गोड बोलतो. एरवी गोदामातल्या जादा ताडपत्र्या मिळायच्या. यंदा त्या फाटल्या होत्या, म्हणून त्याने ढिगावरच्या काढून दिल्या. “आकाश निरभ्र आहे, दोन दिवसांचा तर प्रश्न,” म्हणाला. मीही हसून घेतल्या. मांडव मोठा झाला, कौतुक झालं, मी मिरवले.

पंधराच्या दुपारपासून जे कोसळायला लागलं ते सोळाच्या संध्याकाळी थांबलं. मिरवणूक चार तास उशिरा निघाली. आम्ही सगळे मांडवात कोरडे, नाचतोय, खातोय, पाद्री म्हणतायत की संताची कृपा म्हणून एक थेंब गळत नाही. आणि तिकडे ढीग उघडा भिजत होता. सतराला सकाळी ताडपत्र्या परत गेल्या, ओल्या मातीवर पसरल्या आणि लुकबानने फोटो काढला. संध्याकाळी तुझं जहाज आलं.

हे गावात प्रत्येकाला माहीत आहे. बार्जवर चिखल तुडवणाऱ्यांना माहीत आहे, त्यांच्या बायकांना माहीत आहे. कुणी बोलत नाही, कारण पुन्हा तपासणी म्हणजे ढीग उपसून उन्हात वाळवणं, तीन आठवडे बार्ज बंद, तीन आठवडे चूल अर्धी. मला त्यांचा राग येतो आणि येतही नाही. लुकबानचा मात्र येतो. अठराला माझ्या भट्टीवर येऊन तो हळू आवाजात म्हणाला, “चौकशी झाली तर लोक विचारतील ताडपत्र्या कुणी मागितल्या. मला तुमचं नाव घ्यायला आवडणार नाही.” चोर तो, आणि लाज मला वाटावी अशी व्यवस्था. आणि ती लागू पडली, डेलफिन.

कारण काल जेवताना तू मला विचारलंस, “मनांग, तू रोज पाव घेऊन खाणीच्या फाटकात जातेस. सणाच्या पावसात ढीग झाकलेला होता ना?” आणि मी म्हटलं, होता रे. तुझ्याकडे न बघता म्हटलं. तुझ्या ताटात आणखी मासा वाढला. तू लगेच उठलास आणि किनाऱ्याकडे गेलास. मी दारात उभी राहून तुला जाताना पाहिलं. लुकबानवर एवढा वेळ तोंडसुख घेतलं, पण त्याने परक्या माणसांना फसवलं, मी माझ्या भावाला.

या पत्रात घडी घालून एक कागद ठेवला आहे. ताडपत्र्या नेताना फाटकावर माझी सही घेतली, त्याची ही कार्बन प्रत. बेचाळीस ताडपत्र्या, ढिगावरून, बाहेर १४ ऑगस्ट, परत १७ ऑगस्ट, खाणीचा शिक्का आणि लुकबानची सही. आज सकाळी तो हीच प्रत मागायला आला होता. मी म्हटलं, भट्टीत जळली. कप्तानाला कागद हवा होता ना, हा घे. हे पत्रही त्याला वाचून दाखव, माझ्या खोटेपणासकट. क्रेन थांबवा, बाहेरचा तपासनीस बोलावा, पोटात गेलंय तेही तपासून घ्या आणि ओलं निघालं तर उतरवा. पत्र मी बार्जवर राबणाऱ्या मानोय तासियोच्या हातून तीनच्या बार्जने पाठवतेय. आत काय आहे ते मी त्याला सांगितलंय. तो म्हणाला, “माझाच रोजगार मी खिशात घालून नेतोय म्हणा की,” आणि पत्र खिशात घातलं. उद्यापासून गाव माझ्याकडून पाव घेणार नाही, आणि या बेटावर दुसरी भट्टी नाही, तरी घेणार नाही. तूही माझ्याशी बोलू नकोस हवं तर, वर्षभर बोलू नकोस. फक्त ते जहाज घेऊन हलू नकोस. मला रागावलेला भाऊ चालेल.

तुझीच,
मनांग पुरिंग

(कप्तानासाठी पूर्ण नाव: पुरिफिकासियोन एस्पेहोन, सान रोके सणाची यंदाची मानकरीण. वर लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि कुणासमोरही सांगेन.)