मापोपासाठी दिलेला डबा

१ जून, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. देवाशिवाय ही कोणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहिण्याचा प्रश्नच येत नाही.

परवा आमच्या बायबल कॉलेजची मिशन टीम अमेरिकेहून मलावीला निघते. नऊ विद्यार्थी आणि आमचे नेते बंधू लायल. त्यांची ही सातवी खेप. लायल म्हणाले, प्रत्येकाने तारणासाठी, म्हणजे प्रभूकडे वळवायला, एक आत्मा मनात धरून प्रार्थना करा. मी पाच धरले. मागायचंच तर कंजुषी कशाला.

संकल्प: रोज पहाटे पाचला प्रार्थना, तक्रार अजिबात नाही, आणि स्वतःच्या आधी दुसऱ्याचा विचार. सहा हाफ पँटी भरल्या. टीममधली हॉली (नर्सिंगला आहे, प्रत्येक बाबतीत तिला मत आहे) म्हणाली, तिकडे जूनमध्ये कडक थंडी असते, स्वेटर घे. आफ्रिकेत थंडी. बिचारीचा भूगोल कच्चा आहे.

५ जून, कावुला गाव

थंडी आहे.

माझी सोय एका म्हाताऱ्या बाईकडे केली आहे. नाव न्यागोंडवे, पण सगळे तिला आगोगो म्हणतात, म्हणजे आजी. नवरा फेब्रुवारीत वारला. थोडंफार इंग्रजी येतं. घरात पलंग एकच, तो तिने मला दिला. दोन्ही घोंगड्याही मलाच. स्वतः स्वयंपाकाच्या झोपडीत चुलीपाशी झोपते. इथल्या म्हाताऱ्या माणसांना धूर आवडत असावा.

मी नको म्हणणार होतो. पण प्रेमाने दिलेलं नाकारलं तर समोरच्याचा आशीर्वाद हिरावला जातो, असं लायल शिकवतात.

पहाटेची प्रार्थना उद्यापासून.

७ जून, शनिवार

संध्याकाळी पहिली सभा. मी साक्ष दिली: मी कसा नववीत असताना व्हिडिओ गेमच्या आहारी गेलो होतो आणि प्रभूने मला कसं बाहेर काढलं. गावातले शिक्षक झिम्बा सर दुभाष्याचं काम करतात. व्हिडिओ गेमला त्यांना शब्द सापडेना. त्यांनी जे काही सांगितलं त्यावर बायका हळहळल्या. एकीने तर डोळे पुसले.

शेवटी लायलनी विचारलं, आज कोणाला आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे, त्याने हात वर करा. शांतता. माझे कान तापले. मग पहिल्या रांगेतून आगोगोचा हात झटकन वर गेला. मग तिच्या शेजारणीचा, मग त्या शेजारणीच्या शेजारणीचा. अगदी ओळीने. एकूण सहा.

पाच मागितले होते, सहा मिळाले. आगोगो तर थेट माझीच म्हणायची, कारण ती माझ्या साक्षीच्या वेळी सगळ्यात जास्त मान हलवत होती.

१० जून

चर्चची भिंत रंगवली. भिंत तशी रंगवलेलीच होती. झिम्बा सर म्हणाले, दर जूनला रंगते, गेल्या वर्षी निळी होती. आता क्रीम. क्रीम जास्त प्रसन्न दिसतो.

संध्याकाळी आगोगोला शिकवायला बसलो. नवीन विश्वासणाऱ्याला पहिले काही दिवस हाताला धरून चालवावं लागतं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. मेंढपाळ नव्वद मेंढरं रानात सोडून एकाच्या शोधात निघाला, असं म्हणालो. ती हळूच म्हणाली, नव्याण्णव, बाळा. मग पुढची गोष्ट तिनेच संपवली.

तीन दिवसांपूर्वी तारण झालेली बाई. पवित्र आत्मा किती वेगाने काम करतो हे आज डोळ्यांनी पाहिलं.

१२ जून, गुरुवार

आगोगो सकाळी पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट आणि डोक्याला पांढरा रुमाल अशा थाटात निघाली. मागोमाग तशाच पोशाखातल्या वीस-पंचवीस बायका. सगळ्या तिच्या पुढे गुडघा वाकवून नमस्कार करत होत्या. नवरा गेलेल्या बाईला इथे फार मान देतात असं दिसतं.

हॉलीला विचारलं, तुझ्या घरची बाई कुठे झोपते. तिला नीट माहीत होतं. पहिल्याच रात्री तिने पलंग परत केला म्हणे, आणि दोघी आलटून पालटून झोपतात. मग तुझी आगोगो कुठे झोपते, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तिला चुलीपाशी बरं वाटतं. हॉली बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिला इथलं पाणी मानवलेलं नाही.

रात्री एक घोंगडी परत द्यायचं ठरवलं. पण ती झोपली असेल आणि झोपमोड होईल, म्हणून नाही दिली. झोपडीतून खोकला ऐकू येत होता.

१६ जून, सोमवार

निघालो. आगोगोने कोंबडी कापली होती. अंगणात दोन होत्या, आता एक आहे.

मग तिने एक पत्र आणि दुधाच्या पावडरचा जुना डबा आणला. डबा घट्ट झाकून त्याला कापडाची चिंधी बांधलेली. आत भाजलेले शेंगदाणे. तिचा मुलगा मापोपा सेंट लुईसला वृद्धाश्रमात काम करतो. आमच्या कॉलेजपासून गाडीने दोन तास. कागदपत्रांच्या भानगडीमुळे अकरा वर्षं त्याला घरी येता आलेलं नाही. बाप गेला तेव्हाही नाही. एवढा डबा त्याच्या हातात दे, म्हणाली.

मी म्हणालो, आगोगो, एका आठवड्याच्या आत. माझ्या फोन नंबरचं कार्डही दिलं, म्हणजे तिला खात्री. तिने माझा हात तिच्या दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भाषेत पुष्कळ काही सांगितलं. डब्याकडे बोट, मग शेताकडे, मग नवऱ्याच्या कबरीकडे. झिम्बा सर गाडीवर सामान बांधत होते, त्यामुळे कळलं नाही. मी आमेन म्हणालो. ती खूश झाली.

१७ जून, जोहान्सबर्ग विमानतळ

विमान सात तास लेट. इथलं खाणं अव्वाच्या सव्वा महाग.

डबा उघडला. अमेरिकेत उतरल्यावर कस्टमवाल्यांना आत काय आहे ते सांगावं लागतं, आणि न बघता सांगणं म्हणजे खोटं बोलणं. बारीक, लाल सालीचे, चुलीवर भाजलेले दाणे. खराब झालेले नाहीत ना, हे बघायला चार खाल्ले. नाहीत.

मग एक मूठ. मापोपाने स्वतःच दिले असते. उपाशी माणसाला नाही कोण म्हणेल.

१८ जून, विमानात

डबा हलवला की खुळखुळतो. म्हणजे मुळातच काठोकाठ भरलेला नसावा. हॉली शेजारीच आहे. कुठले शेंगदाणे, असं तिने विचारलं. मी म्हणालो, विमानतळावरचे. हे अर्धवट खरं आहे, कारण खाल्ले विमानतळावरच.

(घरी पोचून) उतरल्यावर कस्टमच्या बाईला मी होऊन सांगितलं, शेंगदाणे आहेत. तिने बघून डबा परत दिला. प्रामाणिकपणाला फळ मिळतंच.

२२ जून, रविवार

आज सेंट लुईसला जाणार होतो. जेट लॅग. अर्धवट झोपेत गाडी चालवणं हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे. पुढच्या रविवारी नक्की.

२९ जून

डबा रिकामा झाला.

कसा ते सांगता येत नाही. रोज थोडे थोडे. एक दिवस अभ्यास करताना, एक दिवस तसेच. आज हात तळाला लागला. तळाशी नुसती लाल सालं. आगोगोने माझा हात धरला होता तो आठवला, आणि मी डबा उशीखाली ठेवला, मग कपाटात, मग कपाटातही दिसायला लागला म्हणून पलंगाखाली.

मी वाईट माणूस नाही. शेंगदाण्यांसारखे शेंगदाणे कुठेही मिळतात.

६ जुलै, रविवार

घरच्या चर्चच्या मंडळीत साक्ष दिली. लोक हेलावले. आगोगोची गोष्ट सांगितली. ओघात एक-दोन गोष्टी थोड्या ठळक झाल्या. तिने प्रभूचं नाव आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, असं मी म्हणालो. कदाचित ऐकलंही असेल, पण माझ्या तोंडून नव्हतं.

डबा दाखवला. आपल्या तारणाबद्दल तिने मला दिलेली भेट, असं म्हटलं. पण रिकामा डबा हलवल्यावर काही वाजेना. तो परिणाम कमी पडला.

८ जुलै

सेंट लुईसच्या नंबरवरून मिस्ड कॉल. अशा गोष्टी फोनवर घाईत बोलू नयेत. सवडीने करीन.

१९ जुलै

सुपरमार्केटमधून खारे दाणे आणून डब्यात भरले. उद्या शेजारच्या गावात साक्ष आहे. आता डबा छान वाजतो. चिंधी मात्र तिच्यासारखी बांधता येत नाही.

शिवाय डबा भरलेला असला की मापोपाकडे जायला मी मोकळा. एका दगडात दोन पक्षी.

२० जुलै

फार सुंदर झालं. आजच्या साक्षीत आगोगो रडली. तिथे ती रडली नव्हती, पण मनातून रडली असणार.

दुपारी परत मिस्ड कॉल. पत्र अजून माझ्या बायबलमध्येच आहे. पान उघडलं की ते समोर येतं, म्हणून हल्ली फोनवरच वाचतो.

३ ऑगस्ट

सेंट लुईसच्या मोठ्या मंडळीकडून बोलावणं. पुढच्या रविवारी. बाहेरच्या फलकावर माझं नाव लावणार: वेन्डेल स्ट्राउड, मलावीची साक्ष. देवाची योजना बघा, मापोपाकडेही त्याच फेरीत जाता येईल. उगाच दोन खेपा कशाला.

१० ऑगस्ट, दुपारी १२:४०, सेंट लुईस, चर्चचं बाथरूम

घाईत लिहितो आहे. आजच्यासारखं कधी बोललो नाही. डबा वाजवला तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेवटी मीच आवाहन केलं: कोणाला जीवन द्यायचं आहे? दोनशे माणसं, एकही हात नाही. पाच सेकंद. दहा सेकंद. आणि मागच्या रांगेतून एका काळ्या माणसाचा हात झटकन वर गेला.

एक. पण काय एक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो बाहेर मला भेटायला थांबला आहे. नवीन विश्वासणाऱ्याला ताटकळत ठेवू नये.

११ ऑगस्ट, सोमवार

कालचं पान फाडणार होतो. नाही फाडत.

तो मापोपा होता.

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, त्याच्या आईने धरला होता तसाच. म्हणाला, आईने कळवलं होतं तुम्ही आठवड्यात येणार म्हणून, त्यामुळे रविवारी घरीच थांबत होतो. मग वाटलं, अभ्यास असेल. फोन केला, पण तुम्ही कामात असाल. परवा कामावर जाताना फलकावर तुमचं नाव वाचलं. म्हटलं, मीच जातो, त्यांना कशाला फेरा.

मी विचारलं, तुम्ही हात का वर केला. तो ओशाळला. म्हणाला, कोणीच करेना, आणि तुम्ही इतक्या लांबून आलेले. मग हसत सांगायला लागला. त्यांच्या गावात दर जूनला पाहुणे येतात. एका वर्षी कोणीच हात वर केला नाही, तर पाहुण्यांमधली एक मुलगी ढसाढसा रडली. गावाला फार लागलं ते. तेव्हापासून चर्चच्या महिला मंडळाने हात वर करायच्या पाळ्या लावल्या आहेत. पहिला हात आईचा, कारण ती एकतीस वर्षं मंडळाची अध्यक्ष आहे. तिचे आजोबा गावच्या चर्चचे पहिले पाळक.

प्रभूचं नाव आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, हे त्याने मागच्या रांगेत बसून ऐकलं होतं. तरी म्हणाला, आई तुमची आठवण काढते. तुम्ही गोष्ट सांगत होता तेव्हा तिने तुम्हाला मध्येच टोकलं, नव्याण्णव म्हणून. पाहुण्याला असं टोकायला नको होतं, याचं तिला अजून वाईट वाटतं.

मी विचारलं, तिचा खोकला कसा आहे. कुठला खोकला, असं त्याने विचारलं. तिने त्याला सांगितलेलं नाही.

मी पत्र दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ घडी घालत राहिला. मग मला म्हणाला, बाबांनी आजारपणात शेवटची पेरणी केली ती याच शेंगांची. आईने काढणी करून फक्त माझ्यापुरते भाजले, बाकीचे बियाण्याला ठेवले.

डबा माझ्या काखेत होता. मला तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्याने हात पुढे केला आणि मी डबा दिला.

त्याने चिंधी सोडली. चिंधीची गाठ बघून क्षणभर थांबला. आत ते मोठे, पांढरे, सोललेले खारे दाणे. बारीक लाल सालीचा एकही नाही. मिठाचे कण बोटाला लागले असतील. एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश, फार सावकाश चावला.

मग म्हणाला, अगदी घरची चव. बाबांच्या हातचे.

झाकण लावलं, आणि चिंधी तिच्यासारखी बांधली.

आज बंधू लायलनी अहवालाचा फॉर्म पाठवला. सेंट लुईस, वर आलेले हात, संख्या. मी शून्य लिहिलं. त्यांचा फोन आला, अरे एक होता ना, मला कळलंय. मी म्हणालो, तो पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून होता. लायल म्हणाले, म्हणजे? सात वेळा जाऊन आलेल्या माणसाला कुठून सुरुवात करून सांगणार.

शेंगदाण्यांचं मापोपाला मी सांगितलेलं नाही. त्याला माहीत आहे.